कर्मवीर भाऊराव पाटील

भाऊराव पायगोंडा पाटील (जन्म : २२ सप्टेंबर १८८७, कुंभोज, आजचा कोल्हापूर जिल्हा, मृत्यू : ९ मे १९५९, पुणे) हे महाराष्ट्रातील शिक्षणप्रसारक आणि समाजसुधारक होते. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी त्यांनी सातारा जिल्ह्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. खेड्यातील गरीब, निराधार, अस्पृश्य मानल्या गेलेल्या आणि शाळेच्या उंबऱ्यापर्यंतही न पोहोचलेल्या मुलांसाठी त्यांनी वसतिगृहे, प्राथमिक व माध्यमिक शाळा, अध्यापक विद्यालये आणि महाविद्यालये काढली. लोकांनी त्यांना ‘कर्मवीर’ ही उपाधी दिली. विद्यार्थ्यांमध्ये आणि कार्यकर्त्यांमध्ये ते ‘अण्णा’ या नावाने ओळखले जात.

त्यांचे कार्य मुख्यतः आजच्या सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत उभे राहिले. त्या काळी सांगली हे स्वतंत्र संस्थान होते. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके ब्रिटिश अंमलातील सातारा जिल्ह्यात मोडत. त्यामुळे जुन्या लिखाणात ‘सातारा जिल्हा’ असा उल्लेख येतो तेव्हा त्यात आजच्या सांगलीचा मोठा भाग धरलेला असतो, हे वाचकाने ध्यानात ठेवावे.

बालपण

भाऊरावांचा जन्म आजोळी, कुंभोज येथे एका जैन शेतकरी कुटुंबात झाला. वडील पायगोंडा पाटील, आई गंगाबाई. घराण्याचे गाव वाळवा तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक. वडील महसूल खात्यात कारकून असल्याने त्यांच्या बदल्या होत, आणि भाऊरावांचे प्राथमिक शिक्षण विटे यांसारख्या निरनिराळ्या गावी झाले. अभ्यासापेक्षा कुस्ती, पोहणे आणि रानात भटकणे यांत त्यांचे मन अधिक रमे.

कुंभोजच्या परिसरात सत्याबा नावाचा एक बंडखोर होता. सावकार आणि धनिकांकडून घेऊन गरिबांना देणारा म्हणून लोक त्याला मानत. लहानग्या भाऊरावांना त्याचे मोठे आकर्षण होते. अस्पृश्यांना विहिरीवर पाणी भरू देत नाहीत हे पाहून त्यांनी विहिरीचा रहाट मोडून टाकल्याची आठवणही त्यांच्या चरित्रात सांगितली जाते. अशा कथांत पुढील काळातील भक्तीची भर पडलेली असते. तरी या मुलाचा स्वभाव तापट होता आणि अन्याय दिसला की हात आधी चालत असे, एवढे त्यावरून निश्चित समजते. त्यांच्या पुढील आयुष्यातील अनेक प्रसंगांचे मूळ या स्वभावात आहे.

कोल्हापूर आणि वसतिगृहातून हकालपट्टी

माध्यमिक शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापूरला राजाराम हायस्कूलमध्ये दाखल झाले आणि जैन बोर्डिंगमध्ये राहू लागले. छत्रपती शाहू महाराजांनी या काळात जातवार वसतिगृहांना आश्रय देऊन कोल्हापूर हे बहुजनांच्या शिक्षणाचे केंद्र केले होते. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह स्थापन झाले. त्याच्या समारंभाला भाऊराव गेले. परत आल्यावर शुद्धीसाठी स्नान करावे, अशी त्यांच्याकडून अपेक्षा करण्यात आली. त्यांनी नकार दिला आणि त्यांना जैन बोर्डिंग सोडावे लागले. बोर्डिंगची व्यवस्था त्या वेळी अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होती. लठ्ठे हे स्वतः सुधारणावादी विचारांचे विद्वान होते, पुढे १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. हा तपशील मुद्दाम नोंदवावा असा आहे, कारण या दोघांची गाठ पुन्हा पडायची होती.

राहण्याची सोय सुटलेल्या या विद्यार्थ्याला शाहू महाराजांनी आपल्याकडे आसरा दिला. महाराजांचा सहवास हे भाऊरावांचे खरे शिक्षण ठरले. शालेय शिक्षण मात्र इंग्रजी सहावीच्या पुढे सरकले नाही आणि मॅट्रिक न होताच ते शाळेबाहेर पडले. पुढे ज्यांनी महाविद्यालये काढली, त्यांच्याजवळ स्वतःची एकही पदवी नव्हती. एका नियमासाठी वसतिगृहाबाहेर काढलेल्या मुलाची अवस्था काय होते, हे त्यांनी वयाच्या विशीत अनुभवले होते. त्यांच्या स्वतःच्या वसतिगृहांत जातीचा नियम कधीच शिरू शकला नाही, त्यामागे हा अनुभव असावा.

या सुमारास त्यांचा विवाह कुंभोजच्या पाटील घराण्यातील आदाक्का यांच्याशी झाला. सासरी त्यांचे नाव लक्ष्मीबाई ठेवण्यात आले.

दूधगाव आणि सातारा

मुंबईत जवाहिऱ्याच्या धंद्यात नशीब अजमावून पाहिल्यानंतर भाऊराव साताऱ्यास आले आणि खासगी शिकवण्या घेऊ लागले. ‘पाटील मास्तर’ हे नाव त्यांना येथे मिळाले. याच काळात, १९१० च्या सुमारास, मिरज तालुक्यातील दूधगाव येथे स्थानिक सहकाऱ्यांच्या साहाय्याने त्यांनी सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी आश्रम सुरू करण्यात भाग घेतला. घरटी मूठभर धान्य गोळा करून मुलांचे जेवण चालवायचे, ही रीत पुढे त्यांच्या कामात कायम राहिली. मूठभर धान्य कोणत्याही घराला जड नसते. आणि ज्याने मूठ दिली त्याला संस्था आपली वाटते, मग तो उद्या आपल्या मुलालाही तेथे पाठवतो. धनिकाच्या एका मोठ्या देणगीपेक्षा या मुठींवर त्यांचा अधिक भरवसा होता.

डांबर प्रकरण

१९१४ मध्ये कोल्हापुरातील सातव्या एडवर्ड बादशहाच्या पुतळ्याला डांबर फासण्याचा प्रकार घडला. संशय अण्णासाहेब लठ्ठे यांच्यावर होता. लठ्ठे यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दबाव आणण्यात आला. ज्यांच्यामुळे वसतिगृह सोडावे लागले त्या माणसाविरुद्ध बोलण्याची ही संधी होती. भाऊरावांनी खोटी साक्ष देण्याचे नाकारले. त्यांना अटक झाली, कोठडीत छळ झाला, आणि त्या काळात त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला. अखेर त्यांची सुटका झाली.

चरित्रकारांनी या प्रसंगाकडे बाणेदारपणाचे उदाहरण म्हणून पाहिले आहे, आणि ते योग्यच आहे. तरी त्याची दुसरी बाजूही लक्षात घ्यायला हवी. सत्तावीस वर्षांचा, शरीराने पहिलवान असलेला हा तरुण कोठडीत इतका एकाकी पडला की कोणाकडे दाद मागावी हे त्याला सुचेना. पुढे आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांसाठी दारोदार हात पसरणाऱ्या माणसाला त्या वेळी स्वतःसाठी मागता आले नव्हते.

नांगरांची विक्री

सुटकेनंतर भाऊरावांनी किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचे विक्रेते म्हणून काम केले. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा कारखाना औंध संस्थानातील किर्लोस्करवाडी येथे (आज सांगली जिल्हा) १९१० पासून चालू होता. लोखंडाने जमीन नासते, असा शेतकऱ्यांचा समज असल्याने नांगर विकणे सोपे नव्हते. गावात जायचे, चावडीवर बसायचे, रानात नांगर धरून दाखवायचा, आणि नकार मिळाला तरी पुढच्या हंगामात पुन्हा यायचे, असा हा व्यवसाय होता. या फिरतीत त्यांना सातारा, सांगली आणि कोल्हापूर भागातील गावे, पाटील, कुळे आणि सावकार यांची बारीक ओळख झाली. शेतकऱ्याचे कर्ज आणि त्याचे निरक्षर असणे यांचा संबंधही त्यांनी येथेच जवळून पाहिला.

नंतर साताऱ्याचे उद्योजक धनजीशा कूपर यांच्या नांगर कारखान्याच्या उभारणीत त्यांनी मदत केली. नफ्यातील काही भाग शिक्षणकार्याला मिळावा, अशी त्यांची अपेक्षा होती. ती पुरी होत नाही असे दिसताच त्यांनी कूपर यांच्याशी संबंध तोडले. हे कूपर पुढे १९३७ मध्ये अल्पकाळ मुंबई प्रांताचे पंतप्रधान झाले.

वर्गाबाहेरचा मुलगा

भाऊरावांच्या चरित्रात एक प्रसंग वारंवार येतो. वाळवा तालुक्यातील इस्लामपूरच्या शाळेत एक महार विद्यार्थी वर्गाच्या बाहेर बसून शिकताना त्यांना दिसला. त्याला आत का घेत नाही, या प्रश्नाला शाळेकडे रूढीखेरीज उत्तर नव्हते. भाऊरावांनी त्या मुलाला कोल्हापूरला नेऊन मिस क्लार्क वसतिगृहात ठेवण्याची व्यवस्था केली. हा मुलगा म्हणजे ज्ञानदेव ध्रुवनाथ घोलप. पुढे घोलप हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२० मध्ये सुरू केलेल्या ‘मूकनायक’ या पाक्षिकाचे संपादक झाले आणि मुंबई कायदेमंडळात अस्पृश्य वर्गाचे प्रतिनिधी म्हणून नियुक्त झाले. जो वर्गात आत येऊ का, एवढेही विचारू शकत नव्हता, तो मुक्यांची बाजू मांडणाऱ्या पत्राचा संपादक झाला.

रयत शिक्षण संस्था

महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक विचारांचा भाऊरावांवर प्रभाव होता. कऱ्हाड तालुक्यातील काले येथे सत्यशोधक समाजाच्या परिषदेच्या वेळी, ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, रयत शिक्षण संस्थेची स्थापना करण्यात आली आणि तेथेच पहिले वसतिगृह सुरू झाले. १९२१ मध्ये वाळवा तालुक्यातील नेर्ले येथे वसतिगृह निघाले. १९२४ मध्ये संस्थेचे मुख्य ठिकाण साताऱ्यास हलवण्यात आले. संस्थेचे बोधचिन्ह वटवृक्ष आहे. ज्याच्या पारंब्या जमिनीत रुजून पुन्हा खोड होतात ते झाड त्यांनी निवडले.

साताऱ्याचे वसतिगृह धननीच्या बागेत भरत असे. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, रामोशी अशा निरनिराळ्या जातींची मुले तेथे एकत्र राहत, एका पंक्तीला जेवत आणि आळीपाळीने स्वयंपाक करत. आज ही गोष्ट साधी वाटते. १९२४ च्या साताऱ्यात ती साधी नव्हती; मुलाने कोणाच्या हातचे खाल्ले याची चौकशी गावी परतल्यावर होत असे. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी यांच्या हस्ते या वसतिगृहाचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. गांधीजींच्या भेटीनंतर भाऊरावांच्या कामाची ख्याती जिल्ह्याबाहेर पसरली.

लक्ष्मीबाई पाटील

वसतिगृहाच्या पहिल्या वर्षांचा भार लक्ष्मीबाईंनी वाहिला. भाऊराव धान्य आणि पैसे जमवण्यासाठी सतत फिरतीवर असत, त्यामुळे मुलांची आजारपणे, भांडणे, रुसवे आणि भूक हे सारे त्यांच्या वाट्याला येई. माहेरच्या संपन्न घरातून आलेले दागिने एकेक करून वसतिगृहाच्या खर्चासाठी गेले. एकदा भाऊराव बाहेरगावी असताना कोठारातील धान्य संपले, तेव्हा त्यांनी आपले मंगळसूत्रही मोडून मुलांना जेवू घातले. ३० मार्च १९३० रोजी त्यांचे निधन झाले.

हा प्रसंग शाळाशाळांतून त्यागाची कथा म्हणून सांगितला जातो. त्यातून संस्थेची त्या वेळची स्थितीही स्पष्ट दिसते. मदत मागायला वेळ लागतो, माणूस ओळखीचा लागतो आणि घरातील कर्ता पुरुष गावात असावा लागतो. त्या दिवशी यांपैकी काहीच हाताशी नव्हते, आणि मुले जेवणाच्या वेळी ताटावर बसणार होती. सोवळे-ओवळे पाळणाऱ्या घरात वाढलेल्या या बाईंनी सर्व जातींच्या मुलांना आईची माया दिली, ही गोष्ट दागिन्यांपेक्षाही मोठी मानावी लागते.

मागणे आणि कमावणे

भाऊरावांनी शिक्षणासाठी स्वावलंबन, स्वाभिमान, स्वाध्याय आणि स्वातंत्र्य ही चार तत्त्वे मानली. स्वावलंबन हे पहिले तत्त्व असलेली संस्था लोकांपुढे हात पसरूनच उभी राहिली, यात वरवर विसंगती वाटते. ती कशी मिटली हे वसतिगृहाच्या दिनक्रमातून कळते.

येणाऱ्या मुलांची घरची स्थिती सारखी नसे. काही जण धान्य आणू शकत, काही अर्धपोटी घरांतून रिकाम्या हाताने येत. काहींना आईवडील नव्हते. काही मुले अशा जमातींची होती ज्यांच्यावर ब्रिटिशांच्या कायद्याने जन्मतः गुन्हेगारीचा शिक्का मारला होता आणि ज्यांच्या घरातील माणसांना पोलिसांपुढे हजेरी द्यावी लागे. सरकारी माणूस दिसला की गप्प बसायचे किंवा पळायचे, हेच अशा घरातील मूल शिकलेले असे. मास्तर हाही त्याच्या दृष्टीने सरकारी माणूसच. अंगावर कपडा नाही, पाटी फुटली, ताप आला, गणित समजले नाही, यांपैकी काहीही अशी मुले आपणहून सांगत नसत. मार बसेल, हसे होईल किंवा परत पाठवतील, ही भीती असे. खेड्यातून शाळा सुटण्याचे एक मोठे कारण ही मुकेपणाची सवय होती, आणि ते शाळेच्या हजेरीपटात कधी लिहिले जात नसे.

भाऊरावांच्या वसतिगृहात प्रत्येक मुलाला काम असे. पाणी भरणे, लाकडे फोडणे, भाजीपाला पिकवणे, दळण, स्वयंपाक, झाडलोट, बांधकामावर दगडमाती वाहणे ही कामे श्रीमंत-गरीब असा भेद न करता वाटली जात. कामामुळे खर्च वाचे हे उघड आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे जेवणाऱ्या मुलाला आपण कोणाच्या उपकाराचे खातो असे वाटत नसे. ज्याने सकाळी बागेला पाणी घातले आहे त्याला संध्याकाळी वही मागताना मान खाली घालावी लागत नाही. लाज गेली की तोंड उघडते, हे वसतिगृह चालवणाऱ्या कोणाच्याही अनुभवाला येते. भाऊराव मुलांना नावाने आणि गावाने ओळखत. अण्णा फिरतीवरून परतले की मुले त्यांच्याभोवती जमत. त्यांची शिस्त मात्र कडक होती आणि राग भयंकर होता, हेही त्यांच्या विद्यार्थ्यांनी लिहून ठेवले आहे.

गावाकडे मागण्याचीही त्यांची एक रीत होती. पैसा नसेल तर धान्य, धान्य नसेल तर जागा, जागा नसेल तर दोन दिवसांची मजुरी, असे ते मागत. ज्याच्याजवळ देण्यासारखे काही नाही असा माणूस त्यांना गावात सापडत नसे. अनवाणी पाय, खांद्यावर घोंगडी, हातात काठी आणि छातीवर रुळणारी पांढरी दाढी, अशी त्यांची उत्तरायुष्यातील मूर्ती लोकांच्या परिचयाची होती.

या संदर्भात एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे. रयत शिक्षण संस्थेचे हे काम सामाजिक आणि आर्थिक दृष्ट्या वंचित मुलांसाठी होते. अपंग मुलांच्या खास शिक्षणासाठी ते नव्हते. तशा शाळा त्या काळी मोठ्या शहरांपुरत्या होत्या. मुंबईत माझगाव येथे मूकबधिर मुलांची शाळा १८८५ पासून आणि अंध मुलांची शाळा १९०० पासून चालू होती. साताऱ्याकडील खेड्यातील अंध वा बहिऱ्या मुलाला मुंबई गाठणे अशक्यच होते आणि त्याचे आयुष्य घराच्या कोपऱ्यात किंवा देवळाच्या पायरीवर जाई. देवळाच्या पायरीवरचे मागणे आणि वर्गात हात वर करून मागणे यांतील अंतर हा आज विशेष शिक्षणातील एक महत्त्वाचा विषय आहे. आपल्याला काय कमी पडते ते ओळखावे, ते योग्य माणसाला स्पष्ट शब्दांत किंवा खुणेने सांगावे, आणि मदत मिळाल्यावर जेवढे स्वतःला करता येते तेवढे स्वतः करावे, हे कौशल्य दिव्यांग मुलांना पायरीपायरीने शिकवले जाते. ज्यांना समाजाने अपात्र ठरवले त्या मुलांसाठी भाऊरावांनी श्रमाच्या मार्गाने यासारखीच वाट काढली होती, म्हणून विशेष शिक्षणाच्या अभ्यासकांनीही त्यांच्या वसतिगृहांकडे पाहावे असे वाटते.

संस्थेचा विस्तार

१९३२ मध्ये पुणे करारानंतर भाऊरावांनी पुण्यात ‘युनियन बोर्डिंग हाऊस’ काढले. खेड्यात शाळा काढायच्या तर शिक्षक हवेत, हे ओळखून १९३५ मध्ये साताऱ्यात ‘सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज’ सुरू झाले. पंचम जॉर्ज बादशहाच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवाचे ते वर्ष होते. पुढे या संस्थेला महात्मा फुले यांचे नाव देण्यात आले. त्याच वर्षी रयत शिक्षण संस्थेची रीतसर नोंदणीही झाली.

१९३८ पासून डोंगराळ आणि दुर्गम गावांत ‘व्हॉलंटरी स्कूल’ म्हणजे ऐच्छिक प्राथमिक शाळा काढण्यास प्रारंभ झाला. साताऱ्याजवळच्या यवतेश्वर येथील शाळा ही त्यांतील पहिली. गावाने जागा द्यायची, संस्थेने शिक्षक द्यायचा. देऊळ, चावडी, गोठ्याची पडवी किंवा झाडाची सावली, जे असेल तेथे वर्ग भरे. अशा ५७८ शाळा निघाल्या. स्वातंत्र्यानंतर त्या शासनाच्या शाळा मंडळांकडे सोपवण्यात आल्या, त्यामुळे आज त्यांची वेगळी ओळख उरलेली नाही. कोयना खोऱ्यात आणि जावळीच्या डोंगरात ज्यांच्या आजोबांनी पहिले अक्षर गिरवले ते यांपैकी एखाद्या शाळेत, अशी घरे पुष्कळ सापडतील.

१९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. वसतिगृहाची सोय असलेले आणि विनामूल्य शिक्षण देणारे माध्यमिक विद्यालय म्हणून ते प्रसिद्ध आहे. १९४२ मध्ये स्त्री शिक्षकांसाठी जिजामाता अध्यापिका विद्यालय निघाले. स्त्रीशिक्षणाकडे भाऊराव काहीसे उशिरा वळले, अशी टीका करता येईल. त्यांची सुरुवातीची वसतिगृहे मुलांचीच होती.

जून १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज, सातारा सुरू झाले. ‘कमवा आणि शिका’ ही योजना येथे महाविद्यालयीन पातळीवर राबवली गेली. विद्यार्थी दिवसातील काही तास शेतात आणि बांधकामावर काम करत व त्या मोबदल्यात त्यांचे शिक्षण आणि भोजन चाले. महाविद्यालयाला शिवाजी महाराजांऐवजी आपले नाव द्यावे, अशी अट एका धनिकाने मोठी देणगी देऊ करताना घातली होती आणि भाऊरावांनी ती साफ नाकारली, असे सांगतात. १९५४ मध्ये कऱ्हाड येथे सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज सुरू झाले. गाडगेबाबा आणि भाऊराव यांचा निकटचा स्नेह होता. बाबा कीर्तनातून जो पैसा मागत तो धर्मशाळा आणि शिक्षणासाठी वापरत. मागण्याला भीकपणा येऊ न देणारी ही दोन माणसे एकमेकांना ओळखून होती. १९५५ मध्ये साताऱ्यात मौलाना आझाद यांच्या नावाने अध्यापक महाविद्यालय निघाले.

अनुदानाचा प्रश्न

१९४८ मध्ये गांधीहत्येनंतरच्या काळात भाऊरावांनी सरकारवर केलेल्या जाहीर टीकेमुळे मुंबई सरकारने रयत शिक्षण संस्थेचे अनुदान बंद केले. त्या वेळी बाळासाहेब खेर हे मुख्यमंत्री होते. संस्थेचा पसारा वाढलेला होता. शेकडो शिक्षकांचे पगार आणि हजारो मुलांचे जेवण संकटात आले. क्षमा मागून प्रश्न मिटवण्याऐवजी भाऊराव पुन्हा गावोगाव निघाले. लोकांनी धान्य आणि पैसा दिला, शिक्षकांनी पगाराविना काम केले आणि संस्था टिकली. पुढे अनुदान पूर्ववत झाले. गांधीजींच्या स्मरणार्थ १०१ माध्यमिक विद्यालये काढण्याचा त्यांचा संकल्पही याच काळातला आहे. सरकारविषयीचा राग आणि गांधीजींविषयीची निष्ठा या दोन्ही गोष्टी त्यांच्या ठायी एकाच वेळी नांदत होत्या.

विद्यार्थी

भाऊरावांच्या वसतिगृहांतून शिकलेले अनेक विद्यार्थी पुढे शिक्षण, प्रशासन, सहकार आणि राजकारण या क्षेत्रांत नावारूपाला आले. बॅरिस्टर पी. जी. पाटील हे त्यांपैकी एक. अत्यंत गरिबीतून आलेल्या या हुशार विद्यार्थ्याला भाऊरावांनी इंग्लंडला उच्च शिक्षणासाठी पाठवले. परतल्यावर त्यांनी रयत शिक्षण संस्थेत काम केले आणि पुढे ते कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. भाऊरावांचे पुत्र आप्पासाहेब पाटील यांनीही संस्थेचे सचिव म्हणून काम पाहिले. तथापि संस्थेच्या विद्यार्थ्यांचा मोठा भाग खेड्यातील प्राथमिक शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी आणि शेतकरी झाला. त्यांची नावे कोठे नोंदलेली नाहीत.

अखेरची वर्षे आणि स्मृती

२६ जानेवारी १९५९ रोजी भारत सरकारने भाऊराव पाटील यांना पद्मभूषण किताब जाहीर केला. त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने त्यांना डी. लिट. ही सन्माननीय पदवी दिली. ९ मे १९५९ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले. त्या वेळी संस्थेची ३८ वसतिगृहे आणि ३ महाविद्यालये होती, याशिवाय अध्यापक विद्यालये आणि शंभरावर माध्यमिक शाळा चालू होत्या.

साताऱ्यात त्यांची समाधी आहे. १९८८ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. सातारा येथील महाविद्यालयांच्या समूह विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले आहे. रयत शिक्षण संस्थेच्या शाळांत दरवर्षी २२ सप्टेंबरला त्यांची जयंती साजरी होते. विद्यार्थी सकाळी मिरवणूक काढतात, आणि काही गावांत त्या दिवशी घरोघर फिरून वसतिगृहासाठी धान्य गोळा करण्याची प्रथा अद्यापि आढळते.